कविता कानी पडते तेव्हा

चार्ल्स डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत स्लॉपी नावाचा एक अनाथ पोरगा आहे. बेट्टी हिग्डन नावाची गरीब म्हातारी त्याला सांभाळते. म्हातारीला वर्तमानपत्राचे भारी वेड, आणि हा पोरगा तिला ते मोठ्याने वाचून दाखवतो. नुसता वाचत नाही. पोलीसकोर्टाच्या बातम्या आल्या की त्यातल्या माणसांचे निरनिराळे आवाज काढतो. आल्यागेल्यापुढे म्हातारी त्याच्या या करामतीचे तोंड भरून कौतुक करते.

टी. एस. एलियट यांनी आपल्या एका दीर्घ कवितेच्या कच्च्या खर्ड्यावर म्हातारीचे ते कौतुकाचे वाक्यच शीर्षक म्हणून घातले होते. पुढे ते नाव गेले, एझ्रा पाउंडच्या कात्रीने पुष्कळ मजकूरही गेला, आणि १९२२ साली ती कविता ‘द वेस्ट लँड’ या नावाने प्रसिद्ध झाली. खर्डा हरवला असेच बरीच वर्षे सगळे धरून चालले होते. तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सुखरूप आहे हे १९६८ साली जाहीर झाले, आणि १९७१ साली एलियट यांच्या पत्नी व्हॅलेरी यांनी तो संपादून छापला. तेव्हा कुठे जगाला कळले, की विसाव्या शतकातली सर्वांत दुर्बोध म्हणून गाजलेली ही कविता मुळात एका पोराच्या मोठ्याने वाचण्यावरून बारशाला निघाली होती! आपल्याकडे गावोगाव ‘केसरी’ असाच वाचला जाई. एक वाचणार, दहा ऐकणार, आणि त्या दहांतल्या नऊजणांना अक्षरओळख असेलच असे नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण, या सदराच्या वाचकांची पत्रे. वर्षभरात आलेल्या पत्रांतली निदान निम्मी एकाच सुराची असतात: “बाई, तुम्ही कवितेविषयी लिहिता ते वाचायला बरे वाटते, पण ती नवी कविता काही आम्हांला समजत नाही.” ‘नवी’ म्हणजे कोणती, तर मर्ढेकरांची! जी ‘काही कविता’ १९४७ साली छापली गेली, ती आमच्या वाचकांना अजून नवी वाटते. एका अर्थी हा मर्ढेकरांचा मोठाच सन्मान आहे म्हणा. पण या पत्रांना मी नेहमी एकच उलट प्रश्न विचारते: तुम्ही ती ऐकली आहे का? दर वेळी उत्तर येते, “छे! ऐकणार कुठे? कॉलेजात असताना गाइडात वाचली होती.” दिवाळी अंकात संपादक नेहमीपेक्षा जास्त पाने देतात, म्हणून यंदा हाच विषय घेऊन बसले आहे.

एलियट यांची ही कविता प्रथम ज्यांच्या कानी पडली त्यांत व्हर्जिनिया वुल्फ होत्या. १९२२ च्या जूनमध्ये एलियट त्यांच्याकडे जेवायला गेले होते. त्यांनी ती तिथे वाचून दाखवली, किंबहुना जवळजवळ गाऊन, घोळवून म्हटली, असे वुल्फबाईंनी रोजनिशीत टिपून ठेवले आहे. कवितेत मोठे सौंदर्य आहे, शब्दांत जोर आहे. मात्र हे सगळे कशाच्या धाग्यावर ओवले आहे ते आपल्याला नक्की सांगता येत नाही, असेही त्या लिहितात. वुल्फबाईंना जे पहिल्या ऐकण्यात लागले नाही, ते आपल्याला लागले नाही तर लाजायचे कारण नाही. पण पुढचे पाहा. धागा सापडला नाही म्हणून बाईंनी कविता टाकून दिली नाही. दुसऱ्या वर्षी आपल्या ‘होगार्थ प्रेस’मध्ये तिचे खिळे त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवले. कानाला पटले होते.

मग ही कविता इतकी धास्ती घालणारी झाली कशी? माझे मत विचाराल तर टीपांमुळे. १९२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत ती पुस्तकरूपाने निघाली तेव्हा एलियट यांनी शेवटी टीपा जोडल्या. कविता सव्वाचारशे-साडेचारशे ओळींची. पुस्तक फारच बारके होऊ लागले, म्हणून पाने भरण्यासाठी टीपा वाढवल्या, असे त्यांनी स्वतःच १९५६ साली एका व्याख्यानात कबूल केले. आपण लोकांना नसत्या वाटांनी शोधाशोध करायला पिटाळले याची खंतही बोलून दाखवली. परंतु तोवर उशीर झाला होता. जगभरच्या प्राध्यापकांना (त्यांत मीही आले) टीपा म्हणजे दिवाळीचा फराळ. कविता बाजूला राहिली आणि परीक्षेत टीपांवर प्रश्न पडू लागले.

ध्वनिमुद्रिकेचा पहिला गुण हा, की तिच्यात टीपा ऐकू येत नाहीत.

एलियट यांनी १९४६ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी ही कविता स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. सारी कविता सुमारे पंचवीस मिनिटांत संपते. आज ती मोबाइलवर कुणालाही ऐकता येते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटले, कवी वाचतो आहे की कुणी मृत्युपत्र वाचून दाखवतो आहे! कोरडा, दमलेला, प्रत्येक अक्षर चिमट्याने उचलून ठेवणारा आवाज. जन्म अमेरिकेत सेंट लुईसचा, पण आवाजात इंग्लंडची इस्त्री कडक. वर किंचित देवळातल्या प्रार्थनेची छटा.

आमच्या घरी माझे सासरे, अण्णा, आहेत. वय चौऱ्याऐंशी. गेल्या दोन वर्षांत डोळ्यांनी त्यांना साफ दगा दिला. उजेड आणि सावली एवढेच उरले आहे. आयुष्यभर सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा माणूस. पहिले काही महिने त्यांनी कुणाशी धड बोलणे केले नाही. कुणी वाचून दाखवायला बसले तर म्हणत, “राहू दे. तुमची कामं पडली असतील.” वाचून घेणे म्हणजे उपकार घेणे, असा त्यांचा हिशोब. एका दुपारी मी वर्गाच्या तयारीसाठी एलियट यांचे वाचन लावले होते. अण्णा पलीकडच्या खोलीत पडून होते. संपल्यावर मी विचारले, “अण्णा, त्रास झाला का?” तर ते म्हणाले, “हा गृहस्थ बँकेत होता का गं?”

मी थक्क झाले. अण्णांनी पस्तीस वर्षे बँकेत काढली. एलियट कोण हे त्यांना नावापलीकडे ठाऊक नव्हते. आणि एलियट १९१७ पासून १९२५ पर्यंत लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होते! ‘द वेस्ट लँड’ लिहिली ती याच काळात. “कशावरून ओळखलंत?” म्हटल्यावर अण्णा म्हणाले, “आमचा हेड ऑफिसचा इन्स्पेक्टर असाच वाचायचा. खात्यात खड्डा सापडला तरी आवाज चढवायचा नाही. ऐकणाऱ्याच्याच पोटात गोळा येई.” एलियट यांच्या वाचनावर इतके नेमके भाष्य मी कुठल्या समीक्षेत वाचलेले नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरी दुपारी चार ते साडेचार कविता ऐकण्याचा परिपाठ पडला. अट अण्णांनी घातली: “मला दया म्हणून वाचून दाखवायचं नाही. तुला वर्गात शिकवायचंय ना, त्याची तयारी म्हणून वाच. मी मध्येच टोकणार.”

कवीने स्वतः वाचलेले तेवढेच प्रमाण, असे मात्र मी मानत नाही. कवीला आपल्या कवितेवर जन्मदात्याचा हक्क असतो. पण लेक कशी नांदते हे सासरच्यांनाच जास्त कळते. एलियट यांच्या गंभीर वाचनाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. महायुद्धाच्या दिवसांत राजघराण्यासमोर काव्यवाचन झाले. उतारवयात राजमाता एलिझाबेथ यांनी त्याची आठवण सांगितली आणि ए. एन. विल्सन या लेखकाने ती छापली. एक उदास चेहऱ्याचे, सुटाबुटातले गृहस्थ एक उदास कविता वाचू लागले, तेव्हा आधी दोघी राजकन्यांना हसू फुटले, मग खुद्द राणीला आणि शेवटी राजालाही आवरेना! राजवाड्यात झाले म्हणून गोष्ट झाली. आमच्या वर्गात मागच्या बाकावर हे दर सोमवारी होते.

एलियट यांच्यानंतर अनेकांनी ही कविता वाचली. अॅलेक गिनेस यांनी वाचली, टेड ह्यूज यांनी वाचली. मला स्वतःला सर्वांत पटते ते फिओना शॉ या आयरिश नटीचे. नव्वदच्या दशकात डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली तिने ही सबंध कविता एकटीने रंगमंचावर उभी केली. त्या खर्ड्यावरच्या जुन्या नावाला तिने खरे न्याय दिला: प्रत्येक पात्राचा आवाज निराळा. दुसऱ्या भागात एक घाबरीघुबरी, चिडलेली बायको आणि तिला उत्तर न देणारा नवरा आहे. लगेच त्यापुढे लंडनच्या गुत्त्यात एक बाई मैत्रिणीची कुलंगडी सांगते आहे, आणि मालक दुकान बंद करायची घाई करतो आहे. ही कुलंगडी एलियट यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या तोंडून आलेली. म्हणजे ज्या कवितेला आपण पंडिती म्हणून हात लावत नाही, तिच्या ऐन मध्यात मोलकरणीचे बोलणे जसेच्या तसे बसले आहे! छापील पानावर हे आवाज एकमेकांत मिसळतात, कारण कोण बोलते आहे ते सांगायला कवी थांबत नाही. कानाला मात्र सांगावे लागत नाही. शेजारच्या बिऱ्हाडात कोण बोलते आहे हे आपल्याला भिंतीआडून कळतेच की!

शॉबाईंचे वाचन चालू असताना सासूबाई स्वयंपाकघरात चकलीची भाजणी चाळत होत्या. इंग्रजीशी त्यांचा संबंध शाळेत संपला. नवराबायकोचा तो प्रसंग आला तशी बाहेर येऊन त्यांनी विचारले, “ही कुणाशी भांडतेय? आणि तो मेला बोलत का नाही काही?” इतकेच तर त्या जागी समजायचे असते. खरी कविता समजण्याआधीच पोचू शकते, अशा अर्थाचे एलियट यांनी १९२९ साली डान्टेवरच्या निबंधात लिहून ठेवले आहे. त्याचा पुरावा भाजणीच्या चाळणीसकट माझ्यापुढे उभा होता.

आता आपल्या मातीतला एक दुवा. एलियट हार्वर्डला असताना १९११ पासून लॅनमन या पंडितांजवळ संस्कृत शिकले. ‘द वेस्ट लँड’चा पाचवा भाग बृहदारण्यक उपनिषदातल्या एका कथेवर उभा आहे. देव, मनुष्य आणि असुर, तिघेही प्रजापतीची मुले. तिघे बापाजवळ शिकायला राहतात आणि शेवटी उपदेश मागतात. प्रजापती तिघांनाही एकच अक्षर सांगतो: ‘द’. देवांना त्यात ‘दाम्यत’ ऐकू येते, म्हणजे स्वतःला आवरा. माणसांना ‘दत्त’ ऐकू येते, म्हणजे द्या. असुरांना ‘दयध्वम्’, म्हणजे दया करा. प्रजापती तिघांनाही म्हणतो, बरोबर समजलात. आणि मेघ गडगडतो तेव्हा तेच अक्षर अजून म्हणत असतो, असे उपनिषद सांगते. एलियट यांनी क्रम थोडा बदलला. ‘द्या’ आधी घेतले.

या कथेवर नीतीची प्रवचने पुष्कळ झाली. मला ती ऐकण्याची कथा वाटते. बोलणारा एक, अक्षर एक. ऐकणारे तीन आणि अर्थ तीन. ज्याला ज्याची वाण, त्याने ते ऐकले. पुन्हा गंमत अशी, की रोमन लिपीत छापलेले ते अक्षर नुसते डोळ्यांनी पाहून ‘द’ की ‘दा’ की ‘डा’ हे कुणाला कळणार? ते कुणीतरी म्हणावेच लागते. कवितेच्या शेवटचा शांतिपाठही तसाच. इंग्रजी वाचकाला त्यासाठी टीप लागते. आपल्याकडे तो मुंजीतल्या बटूलाही ठाऊक असतो. सबंध कवितेत अण्णा इथेच आपणहून उठून बसले. “हे आपलं!” म्हणाले. “पण काय रुक्ष म्हणतोय! आमच्या भटजींना बोलवायला हवं होतं.”

मराठी कवितेचा कानाशी संबंध काही आजचा नाही. ओवी जात्यावरची, अभंग टाळावरचा, पोवाडा डफावरचा. छापखाना आल्यानंतरही हा संबंध तुटला नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि कवी आपल्या कविता चालीवर गाऊन दाखवू लागले. यशवंत, गिरीश यांच्या काव्यगायनाला माणसे गर्दी करीत. (अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’नी या सगळ्याची टर उडवली, पण ती टरही लोकांनी तालासुरातच पाठ केली.) पुढे भावगीत आले, रेडिओ घरोघर गेला. ग्रेस आणि आरती प्रभू यांच्यासारख्या सोप्या न म्हणवणाऱ्या कवींच्याही काही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर बसून स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या.

या सुखाची एक किंमत मात्र आपण मोजली, असे मला वाटते. कविता कानाने घ्यायची तर ती चालीवरच आली पाहिजे, अशी आपल्या कानाला खोड लागली. जी चालीवर बसली ती गाणे झाली. जी बसली नाही ती क्रमिक पुस्तकात गेली आणि तिथून गाइडात. मधली वाट, म्हणजे नुसती बोललेली कविता, ती ओस पडत गेली. ही वाट रुळवण्यासाठी विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने महाराष्ट्रभर फिरून काव्यवाचनाचे शेकडो कार्यक्रम केले, हे त्यांचे ऋण फार मोठे. विंदांनी तर तबल्याच्या तालांवर ‘तालचित्रे’ रचली, पण तीही म्हणायची, गायची नाहीत. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी बोरकरांच्या जोडीला मर्ढेकरांच्या कवितांचेही जाहीर वाचन केले. बोरकरांचे समजू शकते, ती कविता ओठांवर आधीच गात येते. मर्ढेकरांच्या कवितांना श्रोते मिळवणे ही निराळी गोष्ट होती.

वास्तविक मर्ढेकर हे कानाचे कवी. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी रेडिओच्या नोकरीत काढला. ‘कर्ण’सारख्या संगीतिका लिहिल्या. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे त्यांनी मांडली, ती काही केवळ कवितेपुरती नव्हेत. आणि कविता लिहिताना त्यांनी कोणते साचे घेतले? संतांच्या ओवी-अभंगाचे! आत गिरण्या, यंत्रे, लोकलच्या वेळा, पंक्चर झालेले मन. आणि बाहेरचा ठेका पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीचा. डोळ्यांना यातले इंग्रजी शब्द आणि विचित्र जोडण्या आधी दिसतात, म्हणून वाचक बिचकतो. कानाला ठेका आधी लागतो. ठेका घरचा म्हणून कान दार उघडतो, आणि मग तो परका पाहुणा एकदम माजघरात येऊन उभा राहतो. ज्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला (त्यातून ते निर्दोष सुटले), त्यांतल्या काही मोठ्याने वाचून पाहा. पहिल्या दोन ओळींत तुम्हांला देवघराचीच आठवण होईल.

मर्ढेकरांचे नाव काढल्यावर अण्णांनी तोंड फिरवले होते. साठ सालच्या सुमारास ते कॉलेजात होते आणि मर्ढेकर-विरोधी पक्षाचे होते. वर्गात या विषयावर हमरीतुमरी होई म्हणे. “गलिच्छ माणूस,” एवढाच शेरा. मी म्हटले, “अण्णा, तयारी माझी आहे. तुम्ही फक्त टोका.” आणि पिंपातल्या उंदरांची ती कविता वाचली. सगळ्यांत बदनाम तीच, म्हणून तीच घेतली. सोळा मात्रांचे पादाकुलक. लहान मुलांच्या गाण्यांना चालावा असा आठ-आठांचा ठेका, आणि त्यावर मरणाची गोष्ट. मी अर्थ सांगितला नाही, आवाज कापरा केला नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. टोकलेही नाही. चहा घेतला आणि पडून राहिले. मला वाटले, रागावले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुस्तक घेऊन बसले तर आपणहून म्हणाले, “आमच्या गिरगावच्या चाळीत सापळ्यात उंदीर सापडला की सापळ्यासकट पिंपात बुडवून धरायचे. ते काम माझ्याकडे होतं. सात-आठ वर्षांचा असेन. मोठी माणसं कामावर जायची घाई करायची, बायका हात लावायच्या नाहीत. सापळा वर यायला बघतो, तो दाबून धरावा लागतो. किती वेळ धरायचा हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी शंभर मोजायचो.” थोडे थांबून म्हणाले, “कॉलेजात ही कविता आली तेव्हा मला वाटलं, असल्या गोष्टीवर कुणी कविता करतं का! आमचे सर म्हणाले, उंदीर हे प्रतीक आहे. मी लिहून घेतलं. प्रतीक.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. साठ वर्षांच्या संसारात ही हकीगत त्यांनी कधी ऐकलेली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

“पुन्हा वाच,” अण्णा म्हणाले, “आणि काल मध्ये घाई केलीस, ती करू नकोस.”

वर्गात मी आता निम्मा तास वाचनालाच देते. विद्यार्थी प्रथम चुळबुळतात, कारण लिहून घ्यायला काही नसते. वही उघडी आणि पेन हवेत. पण कवितेवर पुढे काय बोलायचे ते त्यांचे त्यांनाच सुचू लागते. कानाची त्यांना सवय नाही असे नव्हे. कानांत यंत्रे खुपसूनच ती मुले फिरत असतात, आणि कवितांची वाचनेही ऐकतात. मात्र त्या वाचनांतल्या पुष्कळांच्या मागे कुठलेतरी बासरी-पियानोचे रडगाणे लावलेले असते, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. कवितेला स्वतःची लय असते. तिच्या मागे दुसरी लय वाजवणे म्हणजे बासुंदीत केचप घालणे. डब्ल्यू. बी. येट्स यांनी बी.बी.सी.वर कविता वाचण्याआधी श्रोत्यांना बजावले होते, की या ओळी छंदात बसवायला मला अतोनात कष्ट पडले आहेत, तेव्हा मी त्या गद्यासारख्या वाचणार नाही. त्यांचे हेलकावे घेत वाचणे आजच्या कानाला थोडे अति वाटेल, पण त्यात बासरी नाही.

या दिवाळीत फराळाला माणसे जमतील. कुणीतरी गाण्याच्या भेंड्या काढील. त्याआधी दहा मिनिटे एखादी कविता मोठ्याने वाचून पाहायची असेल, तर अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगते. वाचणाऱ्याने आधी एकट्याने निदान तीनदा वाचावी. अडखळायचे ते तेव्हाच अडखळून घ्यावे. ओळ जिथे मोडली आहे तिथे किंचित थांबावे, कवीने ती उगीच मोडलेली नसते. नाटकी हुंदके देऊ नयेत. कठीण शब्द आला म्हणून मध्ये अर्थ सांगायला थांबू नये; ऐकणाऱ्याला तो शब्द नाही कळला तरी चालतो, तंद्री मोडली तर चालत नाही. संपल्यावर लगेच “कशी वाटली?” असे विचारणे हा तर गुन्हाच समजावा. आणि तीच कविता दुसऱ्यांदा वाचावी. पहिल्या खेपेस माणसे आपण ऐकतो आहोत हे दाखवण्यात गुंतलेली असतात.

घरात कुणी वृद्ध असतील, त्यांची दृष्टी गेली असेल, तर त्यांना सोप्यातले सोपे, गोडातले गोड तेवढेच वाचून दाखवावे असा आपला समज असतो. अण्णांनी मला परवाच सुनावले, “मी आंधळा झालोय, बाळ नाही झालो.” सध्या आमचे विंदा चालू आहेत. मुक्तछंदात श्वास कुठे घ्यायचा यावरून आमचे रोज वाजते. त्यांचे म्हणणे, मी ओळीच्या शेवटी पुरते थांबत नाही. माझे म्हणणे, विंदांनी स्वतः असेच वाचले होते. त्यावर अण्णा म्हणतात, “त्यांचं त्यांच्यापाशी. मला ऐकू यायला हवं की नको?”